भूमिका-खेळाचे नियम आता सर्वांसाठी खुले

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात खेळाडू पात्रांच्या भूमिका घेतात, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि अनिश्चित कृतीचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर ठरतो. सूत्रधाराला नियम बदलता येतात. मात्र बदल आधी सांगितले नाहीत, तर खेळाडूंचा विश्वास उडतो.

परवान्याच्या अटी कडक करण्याचा प्रकाशकांचा प्रस्ताव खेळाडूंच्या विरोधामुळे जानेवारी २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुले झाले. त्यामुळे बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातील मराठी सूत्रधारही सह्याद्रीचे गड आणि वेताळ घेऊन मोहीम रचू शकतो आणि मूळ श्रेय नमूद करून ती विकूही शकतो.