थोराड देह आणि पहिली फटफटी : शंभर सीसीच्या मर्यादेचा इतिहास

१/ भिवंडी हे यंत्रमागांचे आणि गोदामांचे शहर. मुंबईपासून इतके जवळ असूनही ते उपनगरी रेल्वेच्या मुख्य मार्गावर नाही. वसई–दिवा मार्गावरील स्थानकात प्रवासी गाड्या मोजक्याच थांबतात. त्यामुळे अंजूरफाटा, कशेळी, मानकोली या भागांत कामाला जाणाऱ्या अनेक तरुणांची पहिली मोठी खरेदी म्हणजे दुचाकी. तो तरुण उंचापुरा, शंभर-सव्वाशे किलोंचा असला, तर त्याला घरापासून गॅरेजपर्यंत एकच सल्ला मिळतो : तुला बुलेटच शोभेल. या सल्ल्याला सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

२/ स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची ३५० सीसीची बुलेट त्यासाठी निवडली गेली आणि १९५५ साली मद्रास मोटर्सच्या सहभागाने एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. बुलेट लष्कराची, पुढे पोलिसांची गाडी म्हणून लोकांच्या नजरेत बसली. भारदस्त माणूस आणि भारदस्त गाडी ही जोडी तेव्हापासूनची.

३/ त्या काळी पर्याय होते तरी किती? १९५१ च्या औद्योगिक (विकास व नियमन) कायद्यामुळे कोणी काय बनवायचे आणि किती बनवायचे, हे सरकारी परवाना ठरवीत असे. मोटारसायकलीत प्रामुख्याने तीन नावे : मद्रासची बुलेट, १९६१ पासून म्हैसूरला बनणारी जावा (१९७३ पासून येझदी) आणि एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत. कुटुंबवत्सल ग्राहकाचा ओढा स्कूटरकडे होता आणि आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे.

४/ या तिन्ही गाड्या आजच्या मानाने सावकाश, पण अंगाने भक्कम होत्या. पोलादी चौकट, जाड पत्रा, रुंद आसन. राजदूतवर दुधाच्या कॅन लादून खेडोपाडी धंदा चाले. चालकाचे वजन ऐंशी किलो की एकशेवीस, हा प्रश्न अशा गाडीपुढे फारसा उभाच राहत नसे. अडचण वेगळीच होती : शिकण्याची.

५/ बुलेटचा गिअर दीर्घकाळ उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी होता. जावाची किक आणि गिअर यांचा दांडा एकच, तोही डाव्या बाजूला. एका गाडीवर शिकलेला हात-पाय दुसरीवर फसे. बुलेटची किक मारण्यापूर्वी डीकम्प्रेसरचा खटका दाबून पिस्टन योग्य जागी आणावा लागे. चुकल्यास किक उलटून नडगीवर बसे. म्हणजे थोराड माणसाला पेलणारी गाडी नवशिक्याला मात्र सोपी नव्हती.

६/ ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सरकारने दुचाकी उद्योगात परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली. मात्र इंजिनाची मर्यादा घातली १०० सीसीची. हेतू इंधनबचतीचा होता, कारण सत्तरच्या दशकातील तेलसंकटाची झळ ताजी होती. या एका आकड्याने पुढील दीड दशकाची भारतीय मोटारसायकल कशी असावी, हे जवळजवळ ठरवून टाकले.

७/ मग चार जपानी नावे पाठोपाठ आली. १९८४ ला इंड-सुझुकी एएक्स १००. १९८५ ला हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००. १९८६ ला कावासाकी बजाज केबी १००. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर बजाजने औरंगाबादजवळ वाळूज येथे नवा कारखाना उभारला आणि स्कूटरसाठी ओळखली जाणारी कंपनी मोटारसायकलीकडे वळली.

८/ नवशिक्यासाठी हा सुवर्णकाळच होता. गाडी शंभर किलोंच्या आसपास, किक हलकी, गिअर डाव्या पायाशी, पेट्रोल कमी. परंतु हलकेपणाची किंमत कोणीतरी मोजतच होते. अरुंद टायर, बारीक शॉकअॅब्झॉर्बर, लहान ड्रम ब्रेक आणि आखूड आसन यांवर थोराड चालक बसला की मागची बाजू खाली दबे, खड्ड्यात दणका थेट कण्याला बसे आणि चढावर दम लागे. ‘माझ्या अंगाला गाडी पुरत नाही’ असे तो म्हणे. वस्तुतः गाडीच्या मापात त्याचे अंग धरलेलेच नव्हते.

९/ हे माप कसे ठरते? मोटारसायकलींच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत चालक ७५ किलोंचा धरण्याची पद्धत आहे. शंभर सीसीच्या गाड्यांवर एकूण भार साधारण १३० किलोंच्या आसपास गृहीत असतो. दोन मध्यम बांध्याच्या व्यक्तींनी तो भरून जातो. ११० किलोंचा चालक एकटाच त्याचा बहुतांश भाग व्यापतो. मागे कोणी बसले की मर्यादा ओलांडली जाते.

१०/ एक साधे गणित पाहावे. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती. ६० किलोंचा चालक बसल्यास प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला सुमारे साडेएकवीस किलो येतात. ११० किलोंचा बसल्यास जवळजवळ अठ्ठावीस. आजची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोंची आणि २० अश्वशक्तीची. तिच्यावर तोच ११० किलोंचा चालक बसला तरी वाटा सुमारे सव्वापंधरा किलोंचाच. मुंबई–नाशिक महामार्गावर कंटेनरच्या रांगेतून पुढे निघताना हा फरक केवळ आरामाचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो.

११/ मग सल्ला खराच म्हणायचा का? अर्धाच. चालकाचे वजन हा एक प्रश्न आणि त्याचे नवशिकेपण हा दुसरा. वजनाला शक्ती, ब्रेक आणि मजबूत सस्पेन्शन हवे. नवशिकेपणाला मात्र जमिनीवर टेकणारे पाय आणि कमी वेगात सावरता येणारी गाडी हवी. १९५ किलोंची गाडी भिवंडीच्या अरुंद गल्लीत, पावसाळी चिखलात, कलली की ती सावरायला अंगातले बळ नव्हे, सवय लागते. थोराड माणसालाही ती जन्मतः नसते.

१२/ या दोन प्रश्नांना जोडणारा मधला पर्याय भारतात उशिरा आला. १९९९ मध्ये हीरो होंडाची १५६ सीसीची सीबीझेड, २००१ मध्ये बजाजची चाकणला बनणारी पल्सर १५० आणि १८०. २००५ च्या अॅव्हेंजरने बुटके आसन आणि पुढे पाय सोडून बसण्याची ढब आणली. दीडशे ते सव्वादोनशे सीसी, दीडशे किलोंच्या आसपासचे वजन, पुढे डिस्क ब्रेक, बटणावर सुरू होणारे इंजिन : थोराड नवशिक्याच्या दोन्ही गरजा प्रथमच एका गाडीत मावल्या. मोठ्या देहाला बुलेटखेरीज पर्याय नाही, ही समजूत खरे तर तेव्हाच कालबाह्य झाली.

१३/ कायदा या निवडीत फारशी मदत करीत नाही. युरोपात परवाना पायऱ्यांनी मिळतो : आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॅटपर्यंत, नंतर खुला. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षांच्या व्यक्तीला गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळाला की तो शंभर सीसीलाही चालतो आणि हजार सीसीलाही. पायऱ्या चालकाने स्वतःच आखायच्या असतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस आवश्यक झाले, ही मात्र भारी चालकाच्या दृष्टीने मोलाची तरतूद.

१४/ इतिहासातून निघणारी कसोटी अशी. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? गुडघे हँडलला न लागता ते पूर्ण वळते का? गाडीच्या पुस्तिकेतील कमाल भारातून स्वतःचे वजन वजा केल्यावर मागे बसणाऱ्यासाठी काही उरते का? मागच्या शॉकअॅब्झॉर्बरचा ताण वाढवण्याची सोय आहे का? टायरमध्ये हवा भरताना ‘दोघांसाठी’ छापलेला दाब अशा चालकाने एकट्यासाठीही वापरणे श्रेयस्कर. आणि मापाचे हेल्मेट गाडीबरोबरच घ्यावे. घट्ट होते म्हणून आरशाला अडकवलेले हेल्मेट निरुपयोगी.

१५/ यंत्र माणसासाठी बनते असे म्हणतात. परंतु कोणत्या माणसासाठी, हे कधी लष्कराची मागणी ठरवते, कधी तेलाचा भाव, कधी सरकारी कागदावरचा १०० हा आकडा. शोरूममध्ये आखूड आसनावर अवघडून बसलेला भिवंडीचा तरुण स्वतःच्या देहाला दोष देतो, तेव्हा त्याला हा इतिहास ठाऊक असावा. दोष देहाचा नव्हे. ज्या मापात गाडी घडली, ते माप त्याला विचारून घेतलेले नव्हते. आज मात्र माप निवडण्याची मुभा त्याच्या हाती आहे.