त्या दिवसाचा दुसरा वैमानिक

हिंदुस्थानांतील हवाई टपालाची हकीकत निघाली म्हणजे आपल्या तोंडीं एकच नांव येतें, आणि तें येणें योग्यहि आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ जातीचें एका एंजिनाचें चिमुकलें विमान उडविलें, अहमदाबादेस पेट्रोल भरून घेतलें आणि दुपारीं टपालाच्या थैल्या मुंबईजवळ जुहूच्या मैदानावर उतरविल्या. परंतु टपालाचा प्रवास जुहूस संपत नव्हता. मद्रासकडील पत्रें घेऊन तेथून दुसरा एक वैमानिक निघाला व बल्लारीस रात्रीचा मुक्काम करून मद्रासेस पोंचला. त्याचें नांव नेव्हिल व्हिन्सेंट. त्याची आठवण करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

व्हिन्सेंट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेंतील. ब्रिटिश हवाई दलांतून बाहेर पडल्यावर न्यूऑल नामक सहकाऱ्याबरोबर जुनीं लष्करी विमानें घेऊन ते हिंदुस्थानांत आले. मोकळें मैदान पाहून उतरावें, भाडें घेऊन हौशी माणसांना थोडा वेळ आकाशांत फिरवून आणावें आणि पुढच्या गांवाची वाट धरावी, असा त्यांचा उद्योग होता. जत्रेंत पाळणा घेऊन हिंडणाऱ्या माणसाचीच ही आकाशांतली आवृत्ति म्हणावयाची! परंतु अशा भटकंतींत माणसाला देशाची जी ओळख होते ती नकाशावरून होत नाहीं. कोठें उतरतां येतें, वारा कसा फिरतो, पावसाळ्यांत कोणती जमीन दगा देते, हें ज्ञान अशाच हिंडण्यांतून मिळतें.

ऑस्ट्रेलियाच्या उजाड अंतर्भागांतहि विमानविद्येचा आरंभ असाच झाला. १९२० मध्यें स्थापन झालेल्या क्वांटास कंपनीनें प्रथम हौशी उतारूंना आकाशांत हिंडवून पोट भरलें आणि १९२२ मध्यें ती टपाल वाहूं लागली.

१९२९ मध्यें विलायतेचें हवाई टपाल कराचीपर्यंत येऊं लागलें. तेथून पुढें मात्र तें आगगाडीनें जाई. हा तुटलेला धागा मुंबई व मद्रासपर्यंत जोडावा, ही योजना घेऊन व्हिन्सेंट टाटांकडे गेले. सर दोराबजी टाटा प्रथम नाखूष होते. जॉन पीटरसन यांनीं त्यांचें मन वळविलें आणि सुमारें दोन लाख रुपयांच्या भांडवलाला संमति मिळाली. सरकारकडून अनुदान मिळेना, तेव्हां तें न घेतांच काम करण्याची तयारी दाखवावी लागली. या खटपटींत तीन वर्षें गेलीं आणि १९३२ मध्यें टपालाचा करार झाला. विमान उडविण्याचें साहस एका दिवसाचें असतें. कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्याचें साहस तीन वर्षांचें होतें, हें विसरून चालणार नाहीं.

आरंभींचा सरंजाम ऐकून आज हंसूं येईल. जुहूस मातीचें मैदान आणि झावळ्यांनीं शाकारलेलें एक खोपट! विमानांत बिनतारी यंत्र नाहीं, जमिनीवर दिवे नाहींत. पावसाळ्यांत तें मैदान पाण्याखालीं जाई, तेव्हां मुक्काम पुण्यास हलवावा लागे. अशा साधनांनिशीं १९३३ च्या वर्षांत या लोकांनीं सुमारें १,६०,००० मैलांचें उड्डाण केलें, १५५ उतारू व सुमारें ११ टन टपाल वाहिलें आणि वेळ एकदांहि चुकविली नाहीं.

या वक्तशीरपणाची किंमत मुंबईकराला कळणें कठीण. ती आमच्या धाडसारख्या गांवाला विचारावी. बुलढाणा जिल्ह्याच्या टोकाला, मराठवाड्याच्या शिवेजवळ हें गांव आहे. मलकापुरास आगगाडी गांठावयाची तर आधीं बुलढाणें आणि मग राजूर घाट! गांवाचें नांवच ‘धाड’. पण येथून पत्र धाडणें आणि येथें पत्र येणें, दोन्ही जुन्या काळीं सबुरीचींच कामें. अशा गांवावर विमान उतरत नसे, हें खरें. तथापि ज्या गांवीं पत्राचा शेवटचा टप्पा बैलाच्या किंवा हरकाऱ्याच्या पायांवर अवलंबून असतो, तेथें आधींचे टप्पे ठरल्या वेळीं पार पडले तरच वाट पाहणाऱ्या घराला दिवस मोजतां येतात. वैमानिकाचें धाडस अशा घराच्या कानांवर कधीं जात नाहीं. तेथें पोंचते ती फक्त त्याची नियमितता.

महायुद्ध सुरू झाल्यावर व्हिन्सेंट यांनीं पुण्यास विमानें बांधण्याचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला. त्याच उद्योगाच्या काळांत, १९४२ मध्यें, ते ज्या लष्करी विमानांतून प्रवास करीत होते तें फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडलें गेलें. ज्या संस्थेचें बीज त्यांनीं टाटांच्या हातीं दिलें ती १९४६ मध्यें एअर इंडिया झाली, १९५३ मध्यें सरकारच्या मालकीची झाली आणि २०२२ मध्यें पुन्हां टाटांकडे आली. यांतलें कांहींच पाहणें व्हिन्सेंट यांच्या नशिबीं नव्हतें.

जे. आर. डी. यांना दीर्घायुष्य लाभलें. १९८२ मध्यें, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं कराची ते मुंबई हा पहिला प्रवास पुन्हां एकदां स्वतः विमान चालवून केला व साऱ्या देशानें त्यांचें कौतुक केलें. त्या कौतुकांतून कांहीं काढून घ्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र शाळेंतल्या मुलांना १५ ऑक्टोबरची गोष्ट सांगतांना ती जुहूस थांबवूं नये. बल्लारीवरून मद्रासपर्यंत न्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.