शाळेत आणणाऱ्या बायका

स्मरणिका समितीने माझ्याकडे मावशींबद्दल श्रद्धांजलीच्या दहा ओळी मागितल्या होत्या. दहा ओळींत ‘कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ’ एवढंच बसतं, आणि तेवढं कुणाबद्दलही लिहिता येतं. म्हणून मी समितीकडे दोन पानं मागून घेतली. मावशी आपल्या शाळेत जे काम करत होत्या, त्याला इतिहास आहे आणि तो आपल्या वस्तीच्या अगदी जवळून गेलेला आहे.

कॉटन ग्रीन हे नाव तसं उसनं. कापसाचा बाजार पूर्वी फोर्टातल्या मोठ्या चर्चसमोरच्या मैदानात भरायचा. १८४४ मध्ये तो कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात शिवडीकडच्या भरावाच्या जमिनीवर आला. येताना नावही बरोबर घेऊन आला. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवर चालणारी गाडी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली, हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. त्याच १९२५ मध्ये मुंबई महापालिकेने मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि सुरुवात केली ती एफ आणि जी या दोन वॉर्डांपासून, म्हणजे गिरणगावापासून. आपला भाग आजही एफ दक्षिणमध्येच मोडतो. गाडीचं शताब्दी वर्ष होऊन गेलं. सक्तीच्या शिक्षणाची शंभर वर्षं कधी झाली ते मात्र कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कायदा म्हणतो, मूल शाळेत आलं पाहिजे. पण त्याला आणायचं कुणी? बाप पाळीला, आई वाइंडिंग खात्यात आणि घरात तान्हं मूल. मग मोठ्या बहिणीने घरी राहायचं, हा हिशेब चाळीतल्या प्रत्येक खोलीत ठरलेला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशातला असा पहिलाच. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. गंमत म्हणजे तोवर गिरण्यांमधून बायकाच कमी होत चालल्या होत्या. खातं सुटलेल्या कित्येकींनी घरात खाणावळ घातली, कित्येकींनी धुणीभांडी धरली. पाळणाघर कायद्यात राहिलं आणि धाकटी भावंडं बहिणींच्या कडेवर.

या हिशेबाकडे शिक्षणाचा प्रश्न म्हणून नीट पाहिलं ते ताराबाई मोडक यांनी. आपल्याला पाठ्यपुस्तकात त्या चार ओळींत भेटल्या होत्या आणि परीक्षेनंतर आपण त्यांना सोडून दिलं. जन्म १८९२, मुंबईचा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थनासमाजी सुधारक. त्या काळात ताराबाई पदवीधर झाल्या, अमरावतीच्या मोडकांशी लग्न झालं, संसार टिकला नाही. पदरात एक मुलगी. राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून नोकरी होती, मानाची आणि पगाराची. पण स्वतःच्या मुलीला कसं शिकवावं या काळजीतून त्या गिजुभाई बधेकांच्या कामाकडे ओढल्या गेल्या आणि १९२३ मध्ये नोकरी सोडून भावनगरला गेल्या. बालशिक्षणातलं एवढं मोठं काम एका एकट्या आईच्या काळजीतून सुरू झालं, हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर ते उत्तर मी रट्टा न मारता लिहिलं असतं.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला हिंदू कॉलनीत शिशुविहार. आपल्या स्टेशनपासून ते काही फार लांब नाही, पण तिथे येणारी मुलं बहुतेक सुशिक्षित मध्यमवर्गातली होती. ही पद्धत फक्त अशाच मुलांसाठी आहे का, हा प्रश्न ताराबाईंना छळू लागला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई तेराव्या वर्षी लग्न झालेल्या, काही महिन्यांतच विधवा झालेल्या, पुढे जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वाड्यातल्या अंगणात नेली. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. १९५७ च्या सुमाराला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारल्यांची मुलं गुरं राखायला कुरणात जात, तर शाळाही कुरणात गेली आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा. मोठ्या मुली धाकट्या भावंडांमुळे घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. ती विकासवाडी.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास योजना देशभर तेहतीस ठिकाणी सुरू झाली, त्यात आपली धारावीही होती. अंगणवाडी हा मराठी शब्द त्या योजनेबरोबर सगळ्या देशात गेला. प्रत्येक अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस. मुलांना घरून आणणं, झाडलोट, खाऊ शिजवणं हे मदतनिसांचं काम. आणि दोघींनाही मिळतं ते मानधन. वेतन हा शब्द त्यांच्यासाठी कुणी वापरत नाही.

आता मावशी.

मावशी आपल्या शाळेत शिपाई होत्या. घंटा, हजेरीपट, पाण्याची टाकी, खडू-डस्टर ही त्यांची कागदावरची कामं. त्याआधी त्यांची खाणावळ होती, दोन्ही वेळचे मिळून वीसेक गडी जेवायला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आठ-दहा महिन्यांत गडी गावाला निघून गेले, बरेचसे उधारी तशीच ठेवून. नवऱ्याचा बिल्ला गेला, मग नवराही गावाला जाऊन राहिला. मावशी मुलीला घेऊन इथेच राहिल्या आणि शाळेत लागल्या.

दुसऱ्या तासाला त्या प्रत्येक वर्गात डोकावून विचारायच्या, ‘बाई, आज कोण नाय?’ मधल्या सुट्टीत डबा न उघडता चाळीकडे निघायच्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणाची चड्डी ओली होती, कुणाला दप्तर नव्हतं, कुणी नुसताच पळालेला. पदराला पाच-सहा पिना लावलेल्या आणि पिशवीत कंगवा. आपल्यातले किती जण असे मान धरून परत आणले गेले, ते मेळाव्याला हात वर करून सांगा.

मी सातवीत असताना वीस दिवस शाळेत आले नव्हते. बाबांची गिरणी बंद झालेली, आई दादरला दोन घरी स्वयंपाकाला जायला लागली होती आणि भाऊ दीड वर्षाचा. एकविसाव्या दिवशी मावशी आल्या. आईशी भांडल्या नाहीत, मला उपदेशही केला नाही. भावाला कडेवर घेतलं, मला म्हणाल्या, ‘दप्तर घे,’ आणि चालायला लागल्या. जिन्याखालच्या खोलीत, जिथे नकाशे आणि घमेली असायची, तिथे गोधडी टाकून त्याला ठेवलं. पुढे वर्षभर तो तिथेच वाढला. नंतर नंतर तिथे आणखी दोन-तीन पोरं दिसायला लागली. शिक्षकांनी पाहिलं नसेल असं नाही. त्यांनी पाहिलं आणि कुठे बोलले नाहीत, याबद्दल त्यांचेही आभार. कोसबाडबद्दल वाचताना मला ती खोली आठवली. मावशींनी ताराबाईंचं नावही ऐकलं नसेल.

त्यांची मुलगी आपल्याच वर्गात होती, हे अर्ध्या वर्गाला आठवीपर्यंत ठाऊक नव्हतं. कारण शाळेच्या फाटकाच्या आत ती आईला ‘मावशी’च म्हणायची. तसा आईचा नियम होता. तिला जास्तीचा खडूसुद्धा कधी मिळाला नाही. मावशींच्या तेराव्याला गेले होते तेव्हा तिने सांगितलं, ‘पावसात सगळ्यांना सोडून आई शेवटी मला न्यायला यायची, मी पायरीवर बसलेली असायचे. तेव्हा फार राग यायचा. आता तिच्यासारखीच मीही शेवटी घरी पोचते.’ ती आज परिचारिका आहे. हे छापायला तिची परवानगी घेतली आहे. नाव मात्र नको म्हणाली, आईचंही नको, सगळ्यांना मावशीच माहीत आहे म्हणाली.

स्मरणिकेसाठी जमवलेले सगळ्या तुकड्यांचे फोटो मी स्कॅन करून दिले, माझ्या व्यवसायामुळे असली कामं आपोआप माझ्याकडे येतात. एकूण छत्तीस फोटो. एकातही मावशी नाहीत. खुर्च्या मांडून, रांगा सरळ करून त्या बाजूला व्हायच्या. फक्त एका फोटोत, डाव्या कडेला, शिक्षकांच्या खुर्चीमागे पदराचं टोक आणि बांगड्या घातलेला एक हात दिसतो. तो त्यांचा असावा असं त्यांच्या मुलीलाही वाटतं, पण खात्री नाही. संमेलन, सहल, झेंडावंदन, कुणाच्याही घरच्या जुन्या अल्बममध्ये त्या दिसत असतील तर मेळाव्याला येताना तो फोटो घेऊन या. स्कॅनर मी आणणार आहे.