आयपीएमधला 'आय'

अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्यापैकी बारमध्ये बिअरची यादी हातात घेतली, की त्यात आयपीएची नावं पाच-सहा तरी सापडतातच. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. ऑफिसमधली मंडळी शुक्रवारी संध्याकाळी बाहेर पडली, की कोणीतरी हमखास आपल्याकडे वळून म्हणतं, "ही तर तुमच्या देशाची बिअर!" आपण हसून वेळ मारून नेतो. पण या नावातला इंडिया आला कुठून, आणि त्या इंडियात आपली माणसं कुठे होती, याचं उत्तर आपल्यापाशी असायला हवं. त्यासाठी हा लेखनप्रपंच. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी निव्वळ इतिहास म्हणून वाचावं. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी शेवटी चार शिफारशी आहेत.

मेनूकार्डावर साधारण अशी गोष्ट छापलेली असते : हिंदुस्थानात पाठवलेली बिअर वाटेत नासायची, म्हणून जॉर्ज हॉजसन नावाच्या लंडनच्या माणसाने भरपूर हॉप्स घालून नवी, कडक बिअर शोधून काढली. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच ती टिकली. पण ती खरी नाही. त्याच जहाजांतून पोर्टर नावाची काळी बिअरही मोठ्या प्रमाणावर यायची आणि धडधाकट पोहोचायची. शिवाय उष्ण देशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्सची फुलं जास्त घालावीत, हा सल्ला इंग्लंडमध्ये 1760 च्या दशकापासूनच दिला जात होता. हॉजसनने नवा शोध लावला असा पुरावा नाही.

मग हॉजसनचं नाव एवढं का झालं? त्याची ब्रुअरी पूर्व लंडनमध्ये बो इथे होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच ब्लॅकवॉलला लागायची. कप्तानांना स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी जहाजात थोडी जागा मिळे. हॉजसनने त्यांना दीड वर्षापर्यंत उधारी दिली. आपल्या कोपऱ्यावरचा वाणी जसा वहीवर लिहून ठेवतो, तसाच हा प्रकार! कप्तानांनी त्याचा माल उचलला. त्यात 'ऑक्टोबर बिअर' म्हणून ओळखली जाणारी फिकट, कडक बिअरही होती. इंग्लंडमधले जमीनदार ती तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवत असत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिने हेलकावे खात ती मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला पोहोचे तेव्हा चांगली मुरलेली असे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, ज्या प्रवासाला सगळे 'बग' समजत होते, तोच 'फीचर' निघाला.

पुढे हॉजसनच्या वारसांनी उधारी आवळली आणि जहाजावरचा व्यापारही स्वतःच करायला घेतला. कंपनीच्या लोकांना हे रुचलं नाही. 1822 च्या सुमारास कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला ही बाजारपेठ सुचवली. रशियाने जकात वाढवल्यामुळे ऑलसॉपची तिकडची विक्री बसली होती, तेव्हा त्यालाही नवं गिऱ्हाईक हवंच होतं. बर्टनच्या पाण्यात जिप्सम मुबलक, आणि त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा अधिक स्वच्छ, अधिक धारदार लागतो. ऑलसॉप आणि त्याच्या पाठोपाठ बास यांनी हॉजसनला मागे टाकलं. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापील जाहिरातीत दिसतं ते 1829 साली, आणि तेही ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या वृत्तपत्रात. 1839 मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि ही बिअर इंग्लंडभर पसरली.

आता आपला प्रश्न. ही बिअर हिंदुस्थानात पीत कोण होतं? मुख्यतः गोरे अधिकारी आणि व्यापारी. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुधा पोर्टर येई. आपली माणसं या चित्रात होती ती कामाला. बाटल्या सोऱ्याच्या पाण्यात फिरवून गार करणाऱ्या नोकराला 'आबदार' म्हणत. 1830 च्या दशकात बॉस्टनहून न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने मुंबईला येऊ लागला, आणि साहेबाचा ग्लास थंडगार झाला.

इथल्या लोकांचं पेय मात्र वेगळं होतं : माडी, ताडी, मोहाची दारू. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर सरकारने गाळपाचं काम मक्तेदारांच्या हाती एकवटलं आणि झाडांवरचा कर चढवला. पिढ्यानपिढ्या माड छेदणाऱ्या भंडाऱ्यांचं कंबरडं मोडलं. 1892 च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. आदिवासींसाठी ही फुलं नुसती दारूची नव्हेत, टंचाईतलं अन्नही होती. म्हणजे ज्या बिअरच्या नावात हिंदुस्थान, ती साहेबाची. आणि जे पेय खरोखर हिंदुस्थानचं, ते सरकारजमा. नावातल्या 'आय'चा हा हिशेब आपल्या मुलांनाही ठाऊक असावा असं मला वाटतं.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आयपीए हळूहळू ओसरली. पहिल्या महायुद्धातल्या निर्बंधांनी आणि करांनी ती पातळ झाली, आणि नाव तेवढं उरलं. तिचा पुनर्जन्म झाला तो अमेरिकेत. 1965 मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी घेतली. 1975 मध्ये पॉल रिव्हिअरच्या घोडदौडीला दोनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने त्यांनी लिबर्टी एल काढली. तिच्यात कॅस्केड नावाचे, मोसंबी-ग्रेपफ्रूटसारख्या वासाचे नवे अमेरिकन हॉप्स होते. 1977 मध्ये मायकल जॅक्सन यांचं 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' आलं (हे गायक नव्हेत, इंग्लंडचे लेखक) आणि लोक बिअरकडे वाइनसारखं चवीने पाहू लागले. 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या सुमारास अख्ख्या देशात शंभरही ब्रुअऱ्या नव्हत्या. 2024 मध्ये त्या नऊ हजारांवर होत्या. अँकर मात्र 2023 मध्ये बंद पडली आणि 2024 मध्ये नव्या मालकाने ती विकत घेतली.

आता कबूल केलेल्या शिफारशी. इतिहास जिभेवर उलगडावा म्हणून याच क्रमाने घ्याव्यात, पण अर्थातच एका बैठकीत नव्हे!

पहिली, यॉर्कशरच्या सॅम्युअल स्मिथची इंडिया एल. मातकट, बिस्किटासारखी, जुन्या इंग्लिश वळणाची. दुसरी, सिएरा नेवाडा पेल एल. ही आयपीए नव्हे, पण कॅस्केड हॉप्सची ओळख हिच्याइतकी नीट कोणी करून देत नाही. तिसरी, सॅन डिएगोकडची स्टोन आयपीए, म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा खणखणीत कडवटपणा. चौथी, व्हरमाँटची हेडी टॉपर. ताकासारखी गढूळ, आंब्या-अननसाच्या वासाची, कडू कमी. गढूळ न्यू इंग्लंड आयपीएची लाट हिच्यापासूनच उसळली.

दोन सूचना. कॅनच्या तळाशी तारीख बघून घ्या. पूर्वी सहा महिने समुद्रात मुरणारी ही बिअर आता दोन-तीन महिन्यांत संपवलेली बरी, कारण हॉप्सचा ताजा वास पटकन उडतो. आणि झणझणीत मिसळीबरोबर आयपीए घेऊ नका. कडवटपणाने तिखट आणखी चढतं. मिसळीला गव्हाची बिअर बरी. आयपीएसोबत बटाटेवडा किंवा तळलेली सुरमई उत्तम जमते. गाडी कोण चालवणार, हे मात्र आधी ठरवा.

पुढच्या सुट्टीत पुण्याला गेलात तर तिथेही शोध घ्या. 2009 मध्ये पुण्यात 'डूलाली' नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून बघून गोरे शिपाई भ्रमिष्ट होत. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजांनी आपल्या गावाचं नाव वेडाला दिलं, आणि पुण्यातल्या मंडळींनी ते परत घेऊन बिअरच्या पाटीवर लावलं. दीडशे-दोनशे वर्षांच्या या उधारीतली निदान एवढी तरी वसुली झाली, असं समजायला हरकत नाही.