नेता नसलेला चौक

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक भीती कायम असते: सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणजे एक गोष्ट बंद पडली की सगळंच बंद. इजिप्तचा २०११ चा उठाव वाचताना मला हीच संकल्पना आठवते.

जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात पोलिसांनी खालेद सईद या तरुणाला सायबर कॅफेतून ओढून नेलं आणि मारहाणीत त्याचा जीव गेला. त्यानंतर ‘आपण सगळे खालेद सईद’ हे फेसबुक पेज उभं राहिलं. ते चालवणारा वाएल घोनीम गूगलमध्ये नोकरीला होता, पण पेजवर त्याचं नाव नव्हतं. २५ जानेवारी २०११ ला, म्हणजे तिथल्या पोलीस दिनालाच, रस्त्यावर उतरायचं आवाहन या पेजवरूनही झालं. दोन दिवसांनी घोनीमला उचललं. आंदोलन थांबलं नाही.

मग सरकारने देशाचं इंटरनेटच कापलं. २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर सुमारे ३,५०० बीजीपी रूट काही मिनिटांत गायब झाले. ‘इजिप्तकडे जायचा रस्ता इकडून’ असं जगभरच्या नेटवर्कना सांगणाऱ्या पाट्याच काढून टाकल्या म्हणा ना! मोबाइलही बंद केले. तरी शुक्रवारच्या नमाजानंतर गर्दी वाढलीच. ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक यांची जवळपास ३० वर्षांची सत्ता संपली. उठाव सुरू होऊन १८ दिवस झाले होते.

इथवर नेता नसणं फायद्याचं ठरलं. पकडायचं कुणाला, हेच सरकारला कळेना. पण ‘मुबारक नकोत’ यावर एकमत सोपं होतं. ‘मग कोण?’ यावर नव्हतं.

मे २०१२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीचे आकडे बघा. मुस्लिम ब्रदरहुडचे मोहम्मद मोर्सी सुमारे २५ टक्के, मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान अहमद शफीक २४. चौकातल्या अनेकांची मतं हमदीन सबाही (२१) आणि अब्देल मोनेम अबुल फुतूह (१७) यांच्यात विभागली. दोघांची बेरीज ३८, आणि अंतिम फेरीत दोघंही नाहीत! ‘तू थांब, त्याला उभं राहू दे’ असं सांगणारं आणि ज्याचं ऐकलं जाईल असं कुणी नव्हतं. ब्रदरहुडकडे शिस्तीची संघटना होती, लष्कराकडे रणगाडे. मोर्सी जिंकले, जुलै २०१३ मध्ये लष्कराने त्यांना हटवलं. त्याच नोव्हेंबरात निदर्शनांवर कडक निर्बंध घालणारा कायदा आला.

डिस्ट्रिब्युटेड सिस्टीममध्ये मशीन बंद पडणं हा एक प्रश्न, आणि चालू असलेल्या मशीन्सनी एका उत्तरावर येणं हा दुसरा. पहिला सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या आंदोलनाचं पोस्टर स्टेटसला ठेवाल, तेव्हा जरूर ठेवा. फक्त एवढं विचारा: सरकार चर्चेला बसलं, तर आपल्या बाजूने कोण बसणार, आणि त्याला कोण निवडणार?