प्रवाळ-मत्स्यालयातील शैवालवाढ (सिन्नर परिसर)

खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडली की पहिल्या काही महिन्यांत वाळू, दगड, काच आणि पंप यांवर शैवालाचे थर एकामागून एक चढतात. हा रोग नव्हे. मोकळी जागा, उजेड आणि पाण्यात विरघळलेले खत एकत्र आले की शेवाळ धरणारच. ते किती वाढेल आणि किती दिवस मुक्काम ठोकेल, हे मात्र बरेचसे टाकीत ओतलेल्या पाण्यावर ठरते. सिन्नरसारख्या, समुद्र सह्याद्रीपलीकडे असलेल्या गावात तर निम्मा प्रश्न पाण्याचाच आहे.

पाणी : समुद्राचे पाणी इथवर आणणे कुणाला परवडत नाही, म्हणून गोड्या पाण्यात तयार सागरी मीठ विरघळवतात. लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरले तर २०० लिटरच्या टाकीला सात किलो मीठ लागते. मिठाची पिशवी महाग असते, म्हणून तिची निवड विचारपूर्वक होते. पाण्याबद्दल मात्र ‘आपण पितो तेच’ एवढ्यावर भागवले जाते. सिन्नरच्या गोंदेश्वराचे देऊळ ज्या काळ्या बेसाल्टचे आहे, त्याच खडकाच्या फटींतून तालुक्यातल्या विहिरी-बोअरना पाणी येते आणि वाटेत सिलिका विरघळवून घेते. कांदा, भाजीपाला आणि द्राक्षांना दिलेल्या खतांचा नायट्रेटही भूजलात उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला चालतो. प्रवाळांच्या टाकीत तो दोन ते दहाच्या दरम्यान असलेला बरा. म्हणजे माणसाला निर्धोक असलेले पाणी शैवालाला मेजवानी ठरू शकते.

खरी मेख बाष्पीभवनात आहे. पाणी उडून जाते, त्यातले क्षार मागे राहतात. म्हणून रोजची घट भरताना मिठाचे नव्हे, गोडे पाणी घालायचे असते. सिन्नरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडते. महिन्याला १०० लिटर धरा. त्या पाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर २०० लिटरच्या टाकीतली पातळी केवळ भरणीमुळे महिन्याकाठी लिटरमागे २० मिलिग्रॅमने चढते, आणि यात माशांच्या विष्ठेचा हिशेब धरलेलाच नाही. सिलिकाही अशीच साचत जाते. ‘मासे दोनच, खाद्य चिमूटभर, तरी शेवाळ कुठून येते?’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा भरणीच्या बादलीत सापडते.

स्वयंपाकघरातला आरओ इथे अर्धाच उपयोगी. चव राहावी म्हणून अनेक यंत्रांत टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ठरवणारा, छोटा स्क्रू असतो. तो थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. टाकीसाठी ही मिसळण बंद करावी लागते आणि आरओच्या पडद्यानंतर उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे. तरीही एक पळवाट उरते : रेझिन थकत आले की सर्वांत आधी सिलिका निसटते आणि मीटरला तिचा पत्ता लागत नाही. वाळूवर पुन्हा तपकिरी छटा आली तर आधी रेझिन बदलून पाहावे. आरओचे वाया जाणारे पाणी फरशीला, संडासाला वापरावे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते गटारात सोडणे शोभत नाही.

क्रम : पहिले येतात डायाटम हे सूक्ष्म शैवाल. वाळूवर कोको पावडर भुरभुरल्यासारखा थर बसतो, बोटाने पुसला की निघतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. यांचे कवच सिलिकाचे असते. सिलिका संपली की काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतात. त्याच सुमारास अमोनियापासून नायट्राइट आणि नायट्राइटपासून नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावत असतात; त्याला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर हिरवे केसाळ शैवाल धरते, आणि जिथे प्रवाह मंद तिथे लालसर, चिकट पापुद्रा. हा पापुद्रा मुळात शैवाल नाही, सायनोबॅक्टेरिया आहे. दुपारनंतर त्याखाली बुडबुडे धरतात आणि नळीने ओढला तर तो चादरीसारखा अख्खा निघून येतो. दगडांवर गुलाबी-जांभळे कठीण ठिपके दिसू लागले तर त्यांना हात लावू नये. ते चुनखडी शैवाल आहे आणि त्याने व्यापलेल्या जागेवर इतरांना सहज शिरकाव मिळत नाही.

दगड आणि कायदा : जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातून काढलेल्या सजीव दगडांवर चालणाऱ्या टाकीची रीत प्रसिद्ध केली. असा दगड जीवाणू आणि सूक्ष्मजीव सोबत घेऊनच येतो. भारतात ती वाट बंद आहे. खडकनिर्मिती करणारे सर्व प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मालवणहून आठवण म्हणून उचललेला पोवळ्याचा तुकडासुद्धा गुन्ह्यात मोडू शकतो. म्हणून कायदा पाळणारी टाकी सिमेंटच्या किंवा सिरॅमिकच्या कृत्रिम दगडांवरच उभी राहते. ते अगदी कोरे असतात, आणि कोऱ्या जागेवर पहिला ताबा शैवालाचा. इथे टाकी जुळायला जास्त वेळ लागतो, याचे हेही एक कारण आहे. चालत्या टाकीतली मूठभर वाळू किंवा फिल्टरचा स्पंज मिळाला तर हा काळ थोडा कमी होतो.

उपाय : केसाळ शैवाल आधी हातानेच काढावे. दगडावर जुना टूथब्रश फिरवताना दुसऱ्या हातात ओढनळी धरावी, नाहीतर तुटलेले धागे टाकीभर पसरून नव्या जागी रुजतात. दिवे सहा-सात तासांवर आणावेत, खाद्य कमी करावे, आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. टर्बोसारख्या गोगलगायी उत्तम चरतात, पण लांब वाढलेले केस त्यांच्या आवाक्याबाहेरचे. आधी कापणी, मग चराई. मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत चेटो, म्हणजे कीटोमॉर्फा हे शैवाल, वाढवून वेळोवेळी उपसला तर तोच नायट्रेट-फॉस्फेट आपल्या सोयीच्या जागी खर्च होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते बाटलीतल्या कोणत्याही औषधापेक्षा हा मार्ग सरस आहे.

उत्साहाच्या भरात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेणे ही वेगळीच आफत. प्रतिस्पर्धी उपाशी पडले की डायनोफ्लॅजलेट हे सूक्ष्मजीव माजतात : तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकांना बुडबुडे, रात्री ओसरणारे आणि दिवे लागल्यावर परतणारे. थोडे धागे पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवावे, कापडातून गाळून तासभर उजेडात ठेवावे. धागे पुन्हा जुळले तर शंका पक्की. काहींत विष असते, ते खाऊन गोगलगायी मरतात. अशा वेळी पाणी बदलणे थांबवून खाद्य वाढवावे लागते. फॉस्फेट लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहू द्यावा.

सायनोबॅक्टेरियावर प्रतिजैविके चालतात, पण टाकीतले उपयुक्त जीवाणूही त्यांच्या तडाख्यात सापडतात. शिवाय एकदम मेलेले शैवाल कुजताना ऑक्सिजन खाते. कोमट पाण्यात तो आधीच कमी विरघळतो, आणि त्यात वीज गेली तर पाणी थंड ठेवणारा चिलर आणि पंप दोन्ही बंद पडतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये मोठी मोहीम काढू नये. काढलीच तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा.