‘खोताचे कूळ’ : घराण्याच्या कथेतील धनी आणि चाकर

इंग्रजी वाङ्मयात एखाद्या घराण्याच्या अनेक पिढ्यांचा वृत्तान्त सांगणाऱ्या कादंबरीची परंपरा जुनी आहे. गॉल्सवर्दी यांची ‘फोरसाइट सागा’ (१९२२) ही वस्तुतः उमरावांची नव्हे, धनिक मध्यमवर्गाची कथा. तिच्यात नोकरवर्ग पार्श्वभूमीलाच राहतो. पुढे ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ (१९७१-७५) व ‘डाउन्टन ॲबी’ (२०१०-१५) या दूरचित्रवाणी मालिकांनी चाकरांना धन्याच्या बरोबरीने कथेत आणले. पहिलीच्या नावातच त्या समाजाची रचना सांगितलेली आहे : जिन्याच्या वर धनी, जिन्याच्या खाली चाकर, छप्पर मात्र एकच.

ही रचना मनात धरून मराठीतील घराण्यांच्या कथा वाचू लागले, तर चाकरांचा शोध चुकीच्या जागी घेतला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोकणातील खोत. खोत हा गावचा वंशपरंपरागत मध्यस्थ. कुळांकडून बहुधा धान्यरूपाने खंड घ्यावयाचा, त्यातून सरकारसारा भरावयाचा, उरेल ते आपले. शिवाय वेठ होतीच. सर्वच खोत ब्राह्मण नव्हते, मराठा व मुसलमान खोतही होते. परंतु मराठी कादंबरीत आला तो मुख्यत्वे ब्राह्मण खोत, आणि तोही श्री. ना. पेंडसे यांच्या लेखणीतून. त्यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही दोन खंडांची कादंबरी जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची कथा आहे.

खोताच्या घरात जिना असला तरी त्याला सामाजिक अर्थ नाही. तेथील भेद आडवा आहे : अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. कोणी कोठवर यावे हे जातीने ठरलेले. इंग्रज उमरावाचे अन्न परक्या वर्गातली स्वयंपाकीण शिजवी. सोवळ्याच्या घरात ते अशक्यच. म्हणून घरातला आचारी, पाणक्या, सोवळ्यातली विधवा बाई ही धन्याच्याच जातीची, पुष्कळदा नात्यातलीच, गरीब आश्रित माणसे. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरीत अण्णा खोतांच्या घरी पाण्याला राहिलेला विठोबा हा असाच आश्रित. आणि पाणक्याचा मुलगा बापू कादंबरीचा नायक होतो ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परंतु नायकत्व मिळाले ते माजघरापर्यंत पोहोचणाऱ्याच्या मुलाला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. खोताचे वैभव ज्यांच्या श्रमांवर उभे होते ते पडवीपलीकडे राहिले. ‘तुंबाडचे खोत’मध्ये पिढ्या मोजल्या जातात त्या खोतांच्या.

येथे भाषा एक विलक्षण साक्ष देते. ‘खोताचे कूळ’ या शब्दसमूहाचे मराठीत दोन अर्थ होतात. एक, खोताचा वंश. दुसरा, खोताची जमीन कसणारा शेतकरी. शब्द एक, लिंग एक, रूपावलीही एक. मूळ संस्कृत ‘कुल’ म्हणजे कुटुंब, घराणे. महसूलव्यवहारात जमीन कसणारे कुटुंब हे आकारणीचे एकक. त्या कुटुंबालाच ‘कूळ’ म्हणण्याची वहिवाट पडली, आणि हळूहळू कुटुंबाचा अर्थ विरून केवळ देणेकरी उरला. कुळांचा हिशेब राखणारा तो कुळकर्णी, आणि कुळवार पत्रकातले ‘कूळ’ही हेच. म्हणजे ज्याच्या नावातच वंश आहे, त्याचा वंश लिहावयाचे आम्ही विसरलो.

संबोधनातही हेच दिसते. खोत तो अण्णा, नाना, दादा. पुढे ‘खोत’ लागले की पदवी पुरी. कुळाला ‘-या’ प्रत्यय लावून हाक मारावयाची. गणपतचा गण्या झाला की त्याला वडिलांचे नाव व आडनाव लावण्याची गरज राहत नाही, आणि वडिलांच्या नावावाचून वंशावळ होत नाही.

तथापि इतिहासात ही माणसे मुकी नव्हती. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन कसावयाचे नाकारले. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. पाठोपाठ, १९४८ च्या कूळकायद्यातील दुरुस्तीनुसार, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कूळ मालक ठरू लागले. सहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन संप चालविणाऱ्या कुटुंबांत घराण्याच्या कथेला लागणारे सर्व द्रव्य होते : वारसा, फितुरी, कर्ज, लग्ने मोडणे, हट्ट.

आजच्या नवी मुंबईतील पनवेल-उरणचा भाग त्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातला. १९७० नंतर नव्या शहरासाठी येथील जमिनी संपादित झाल्या आणि शेतकऱ्याला ‘प्रकल्पग्रस्त’ हे नवे नाव मिळाले. खोतांच्या घराण्यांची बाडे जपली गेली, कुलवृत्तान्त छापले गेले. कुळांच्या पिढ्या पाहावयाच्या तर तलाठ्याचे दप्तर उघडावे लागते : सातबाऱ्यावरील कुळाचा रकाना आणि फेरफाराच्या वहीतील वारसनोंदी. तेथे गण्या नाही. गणपत आहे, त्याच्या बापाचे नाव आहे, मयताची तारीख आहे आणि मागे राहिलेल्या मुलांची, विधवेची नावे ओळीने आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी या नोंदी गावोगाव उतरून घेण्यास अजून आरंभ करावयाचा आहे, आणि जीर्ण वह्यांचे कागद हात लावताच तुटू लागले आहेत.